विश्लेषण : मधमाश्यांच्या मुळावर उठलेला ‘व्हरोआ’ कोळी आशियातल्या माश्यांना का मारत नाही?

ऑस्ट्रेलियातील न्यूकॅसल बंदरात २२ जून २०२२ रोजी नेहमीच्या तपासणीत मधमाश्यांच्या पेट्यांमध्ये तांबूस रंगाचा, टाचणीच्या टोकाएवढा एक जीव आढळला. तो होता ‘व्हरोआ डिस्ट्रक्टर’ हा परोपजीवी कोळी. त्यापुढील पंधरा महिन्यांत हजारो पेट्या नष्ट करूनही तेथील सरकारला त्याचे उच्चाटन करता आले नाही. १९ सप्टेंबर २०२३ रोजी उच्चाटनाची मोहीमच थांबवण्यात आली. २०२५ मध्ये अमेरिकेतील व्यावसायिक मधपाळांनी एका हंगामात सरासरी ६० टक्क्यांहून अधिक वसाहती गमावल्या. तेथेही तपासाअंती याच कोळ्याकडे आणि त्याने पसरवलेल्या विषाणूंकडे बोट दाखवले गेले. विशेष म्हणजे या कोळ्याचे मूळ घर आशिया आहे आणि येथील देशी मधमाशी पिढ्यान्‌पिढ्या त्याच्यासोबत जगत आली आहे. मग जगभरात त्याने हाहाकार का माजवला? भारतातील आणि महाराष्ट्रातील मधपाळांना त्यातून काय धोका आहे?

व्हरोआ म्हणजे नेमके काय?

व्हरोआ हा कीटक नाही. आठ पायांचा हा जीव गोचीड आणि कोळी यांच्या कुळातला. शेतकऱ्यांना वांगी, भेंडीवर येणारा लाल कोळी ठाऊक असतो. व्हरोआ हा त्याचा मधमाश्यांवर जगणारा दूरचा नातेवाईक म्हणता येईल. त्याची मादी साधारण दीड मिलिमीटर रुंद, खेकड्यासारखी चपटी आणि तांबूस-तपकिरी असते. चपट्या अंगामुळे ती माशीच्या पोटाखालच्या खवल्यांमध्ये सहज सरकते, त्यामुळे पेटी उघडून वरवर पाहणाऱ्याला ती दिसतच नाही. माशीच्या आकाराशी तुलना केली तर माणसाच्या अंगावर जेवणाच्या ताटाएवढी गोचीड चिकटावी, असे हे प्रमाण आहे.

आशियाई मधमाशीवरील या कोळ्याची पहिली शास्त्रीय नोंद १९०४ मध्ये जावा बेटावरून झाली. मधमाशीपालनावर लिहिणारा प्राचीन रोमन विद्वान व्हॅरो याच्यावरून त्याला व्हरोआ हे नाव मिळाले आणि प्रजातीला ‘जेकबसोनी’ म्हटले गेले. जवळपास शतकभर जगातले सगळे व्हरोआ याच एका प्रजातीचे समजले जात. २००० मध्ये अँडरसन आणि ट्रूमन या संशोधकांनी दाखवून दिले, की युरोपीय मधमाश्यांचा विध्वंस करणारी प्रजाती वेगळी आहे. तिला ‘डिस्ट्रक्टर’, म्हणजे विध्वंसक, असे नाव देण्यात आले.

पोळ्यात तो वाढतो कसा?

व्हरोआचे सगळे गणित मधमाशीच्या पिल्लांच्या कोठडीवर, म्हणजे पोळ्यातील षटकोनी घरावर अवलंबून असते. राणी अंडे घालते, त्यातून अळी बाहेर येते, दाई माश्या तिला भरवतात आणि अळीची वाढ पूर्ण झाली की घराचे तोंड मेणाने बंद केले जाते. आत अळीचा कोष होतो आणि कोषातून माशी बाहेर पडते. व्हरोआची मादी दाई माशीच्या अंगावरून फिरत असते. घर बंद होण्याच्या काही तास आधी ती आत उतरते आणि अळीच्या खाली, तिच्या अन्नात लपून बसते.

झाकण लागल्यानंतर सुमारे तीन दिवसांनी ती पहिले अंडे घालते. त्यातून नर निपजतो. त्यानंतर साधारण दर तीस तासांनी एक याप्रमाणे मादीची अंडी पडत जातात. बंद घरातच भाऊ-बहिणींचा समागम होतो. माशी बाहेर पडते, तेव्हा जुनी मादी आणि तोवर पूर्ण वाढ झालेल्या तिच्या मुली माशीसोबत बाहेर येतात; नर आणि अर्धवट वाढलेली पिल्ले आतच मरतात. म्हणजे घर किती दिवस बंद राहते, यावर व्हरोआचे पीक ठरते. युरोपीय मधमाशीच्या कामकरी माशीचे घर सुमारे १२ दिवस बंद असते, तर नराचे १४ ते १५ दिवस. नराच्या घरात त्याला अधिक वेळ मिळतो, म्हणून संधी मिळेल तेथे तो नराचे घर अनेक पटींनी अधिक पसंत करतो.

पिल्लांची पैदास जोरात असताना कोळ्यांची संख्या साधारण महिन्याभरात दुप्पट होऊ शकते. हंगामाच्या सुरुवातीला पेटीत ५० कोळी असतील, तर पाच महिन्यांत ते ढोबळमानाने १,६०० होतात. सुरुवातीचे तीन महिने मधपाळाला काहीच जाणवत नाही. मध भरपूर येतो, माश्या भरपूर दिसतात. त्यानंतर राणीची पैदास कमी होते, पण कोळी तेवढेच राहतात, किंबहुना वाढलेले असतात. मग प्रत्येक उरलेल्या पिल्लामागे कोळ्यांचे प्रमाण एकदम वाढते आणि भरलेली पेटी काही आठवड्यांत रिकामी होते. अनेक मधपाळांना ‘माश्या अचानक गेल्या’ असे वाटते, त्यामागे अनेकदा महिनोन्‌महिने आत चाललेली ही वाढ असते.

माशी कोळ्यामुळे मरते की विषाणूमुळे?

बराच काळ असा समज होता, की गोचीड जनावराचे रक्त पिते तसा व्हरोआ माशीचे ‘रक्त’, म्हणजे तिच्या शरीरातील द्रव पितो. २०१९ मध्ये सॅम्युएल रॅमसी आणि सहकाऱ्यांच्या संशोधनाने या समजाला धक्का दिला. प्रौढ माशीवर असताना हा कोळी मुख्यतः तिच्या मेदपेशींवर जगतो, असे त्यांनी दाखवले. कीटकांच्या शरीरात या पेशी यकृतासारखे काम करतात: अन्न साठवणे, विषारी द्रव्ये निकामी करणे, रोगप्रतिकारशक्ती टिकवणे. कोषावस्थेत मात्र कोळी प्रामुख्याने शरीरातील द्रवावर पोसतो, असे २०२४ मधील संशोधनातून पुढे आले. दोन्ही टप्प्यांचा एकत्रित परिणाम असा, की माशी जन्मतःच कमी वजनाची, कमी आयुष्याची आणि कीटकनाशकांना अधिक बळी पडणारी निघते.

पण खरी हानी होते ती विषाणूंमुळे. ‘विकृत पंख विषाणू’ हा त्यातला मुख्य. पंख चुरगळलेल्या, उडता न येणाऱ्या माश्या पेटीसमोर जमिनीवर सरपटताना दिसल्या, तर हे त्याचे ठळक लक्षण. हा विषाणू व्हरोआच्या आधीही मधमाश्यांमध्ये होता, पण सौम्य स्वरूपात. व्हरोआने त्याला इंजेक्शनच्या सुईसारखा थेट शरीरात जाण्याचा मार्ग मिळवून दिला.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा हवाई बेटांवर मिळाला. तेथील ओआहू बेटावर व्हरोआ २००७ मध्ये पोहोचला, तर काही बेटे त्यापासून मुक्त राहिली. त्यामुळे शास्त्रज्ञांना एकाच हवामानात ‘कोळी असलेली’ आणि ‘कोळी नसलेली’ बेटे शेजारी-शेजारी तपासता आली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, हा विषाणू आधी सुमारे १० टक्के वसाहतींत आढळत होता. कोळी आल्यावर तो १०० टक्के वसाहतींत पोहोचला. शिवाय आधी विषाणूचे अनेक वाण होते, त्यांची जागा एका प्रबळ वाणाने घेतली. कोळ्याने नुसता रोग पसरवला असे नाही, रोगाचे स्वरूपच बदलून टाकले.

आशियातील मधमाशी का तग धरते?

आशियाई मधमाशी, जिला महाराष्ट्रात सातेरी म्हणतात, ही व्हरोआची मूळ यजमान. दोघेही दीर्घकाळ एकत्र उत्क्रांत झाल्याने सातेरीकडे त्याला आवर घालण्याचे अनेक उपाय आहेत. एक म्हणजे साफसफाई. सातेरीच्या माश्या एकमेकींच्या अंगावरचे कोळी शोधून काढतात आणि जबड्यांनी चावून फेकतात. दुसरा उपाय अधिक कठोर आहे. कामकरी अळीच्या घरात कोळी शिरला, तर ती अळी लवकर मरते किंवा माश्या ते घर उघडून अळी बाहेर काढतात. एका पिल्लाचा बळी जातो, पण कोळ्याचा वंशही तेथेच थांबतो. त्यामुळे सातेरीच्या वसाहतीत व्हरोआची पैदास जवळपास फक्त नराच्या घरापुरती मर्यादित राहते आणि नर तर वर्षातील ठरावीक काळातच जन्मतात.

तिसरा उपाय नरांबाबतचा. सातेरीच्या नराच्या घराला कडक झाकण असते. एकाच घरात अनेक कोळी शिरले, तर आतला नर अशक्त होतो आणि त्याला झाकण फोडता येत नाही. माश्या बाहेरून ते उघडत नाहीत. नर आणि कोळी दोघेही आतच गाडले जातात. शिवाय सातेरी माशी वारंवार जागा बदलते. मधपाळांना ही तिची सवय त्रासाची वाटते, पण पोळे सोडून जाताना ती पिल्लांसोबत कोळ्यांचा मोठा साठाही मागे टाकते.

युरोपीय मधमाशीची, म्हणजे आपल्याकडे ‘इटालियन’ किंवा ‘मेलिफेरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माशीची, या कोळ्याशी कधी गाठच पडली नव्हती. तिच्या कामकरी पिल्लांच्या घरातही व्हरोआ सुखाने वाढतो. म्हणजे वर्षातील काही आठवड्यांपुरती असलेली संधी त्याला तेथे जवळपास वर्षभर मिळते.

मग तो जगभर पसरला कसा?

व्हरोआला पंख नाहीत. एका पोळ्यातून दुसऱ्यात जायला त्याला माशी लागते, तर एका खंडातून दुसऱ्यात जायला माणूस. अधिक मध देणारी युरोपीय माशी विसाव्या शतकात पूर्व आशियात आणि रशियाच्या अतिपूर्वेकडील प्रदेशात नेण्यात आली. तेथे तिच्या पेट्या आशियाई मधमाश्यांच्या शेजारी ठेवल्या गेल्या आणि कोळ्याने यजमान बदलला. पुढे याच पेट्या आणि राण्या रेल्वे, जहाज आणि विमानाने जगभर फिरल्या.

१९७० च्या दशकात व्हरोआ युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत स्थिरावला. १९८७ मध्ये तो अमेरिकेत, १९९२ मध्ये ब्रिटनमध्ये, १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि २००० मध्ये न्यूझीलंडमध्ये आढळला. ‘जेकबसोनी’ हा त्याचा भाऊबंदही शांत बसलेला नाही. २००८ मध्ये पापुआ न्यू गिनीत तोही युरोपीय मधमाशीवर वाढू लागल्याचे दिसून आले. यजमान बदलण्याची घटना एकदा घडून संपली असे नाही. दोन प्रकारच्या मधमाश्या माणूस जेथे जवळ आणतो, तेथे ती पुन्हा घडू शकते.

ऑस्ट्रेलियाचा प्रयत्न का फसला?

२०२२ पर्यंत मधमाशीपालन करणाऱ्या मोठ्या देशांपैकी व्हरोआमुक्त राहिलेला ऑस्ट्रेलिया हा एकमेव होता. बंदरांवर ‘पहारेकरी’ पेट्या ठेवून तेथे नियमित तपासणी होत असे आणि २०२२ मधला शोधही अशाच पेट्यांत लागला. त्यानंतर दहा कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक खर्चाची मोहीम हाती घेतली गेली. बाधित क्षेत्राभोवतीच्या पेट्या निरोगी असल्या तरी नष्ट करण्यात आल्या. रानटी मधमाश्या मारण्यासाठी विषारी आमिषे ठेवली गेली. पेट्यांची ने-आण थांबवली गेली. एकूण ३० हजारांच्या आसपास पेट्या नष्ट झाल्या. अनेक मधपाळांना आपल्या हाताने आपल्याच निरोगी माश्या मारताना पाहावे लागले.

अडचण दोन ठिकाणी आली. एक म्हणजे बदाम. ऑस्ट्रेलियातील बदामबागांना ऑगस्टमधील फुलोऱ्यात परागीभवनासाठी हजारो पेट्या दूरवरून आणाव्या लागतात. २०२३ च्या हंगामानंतर बंदरापासून शेकडो किलोमीटर दूरच्या भागांतही कोळी आढळू लागले. दुसरी अडचण माणसांची. पेटी सापडली तर ती मारली जाणार, हे माहीत असल्यावर प्रत्येक जण तपासणीला स्वतःहून पुढे येईल, असे गृहीत धरता येत नाही. नियमभंगाच्या घटना आणि नव्या ठिकाणी सापडणारे कोळी यांमुळे उच्चाटन आता तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, असा निष्कर्ष काढण्यात आला. धोरण ‘उच्चाटना’ऐवजी ‘व्यवस्थापना’कडे वळले. पुढे क्वीन्सलँड, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातही त्याने हातपाय पसरले.

औषधे आहेत, मग अमेरिकेत नुकसान का झाले?

व्हरोआ मारणारी रसायने उपलब्ध आहेत. फ्लुव्हॅलिनेट, फ्लुमेथ्रिन, कुमाफॉस आणि अमिट्राझ ही कृत्रिम औषधे पट्ट्यांच्या स्वरूपात पेटीत टांगली जातात. शिवाय फॉर्मिक आम्ल, ऑक्झॅलिक आम्ल आणि ओव्यात असणारे थायमॉल यांचाही वापर होतो. खरा पेच असा, की किड्यासारख्याच दिसणाऱ्या एका जीवाला किड्याच्याच अंगावर मारायचे असते. माशी वाचली पाहिजे आणि कोळी मेला पाहिजे, इतकी बारीक रेषा सांभाळणारी रसायने मोजकीच आहेत.

मोजक्याच औषधांचा वर्षानुवर्षे वापर झाला, की जे शेतातील किडींबाबत घडते तेच येथेही घडते. फ्लुव्हॅलिनेटला न जुमानणारे कोळी १९९० च्या दशकातच दिसू लागले. त्यानंतर अमेरिकी मधपाळांची मदार मोठ्या प्रमाणात अमिट्राझवर आली. २०२५ मधील मोठ्या नुकसानीनंतर अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी कोलमडलेल्या वसाहतींचे नमुने तपासले. त्यांत विकृत पंख विषाणू आणि तीव्र पक्षाघात विषाणू यांचे मोठे प्रमाण आढळले. तपासलेल्या कोळ्यांमध्ये अमिट्राझला प्रतिकार करणारा जनुकीय बदलही सापडला. आता या बदामांच्या गोष्टीचा भारताशीही संबंध आहे. भारतीय बाजारात येणारे आयात बदाम प्रामुख्याने कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियातून येतात आणि या दोन्ही ठिकाणच्या बागा भाड्याने आणलेल्या मधपेट्यांवर उभ्या आहेत.

मधमाश्यांच्या सगळ्याच नुकसानीचे खापर व्हरोआवर फोडता येणार नाही. कीटकनाशके, एकाच पिकाची शेकडो एकर शेती, फुलांची कमतरता आणि लांबचा प्रवास यांचाही त्यात वाटा असतो. पण कोळ्याने आधीच अशक्त केलेली वसाहत या प्रत्येक आघाताला लवकर बळी पडते.

भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे?

भारतात युरोपीय मधमाशीचे यशस्वी आगमन १९६२ मध्ये नगरोटा बगवां येथे झाले. हे ठिकाण तेव्हा पंजाबात होते आणि आज हिमाचल प्रदेशात आहे. त्याच वर्षी पुण्यात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था सुरू झाली. जास्त मध देणारी आणि कमी स्थलांतर करणारी मेलिफेरा उत्तर भारतात झपाट्याने पसरली. १९९१-९२ च्या सुमारास ‘थाई सॅकब्रूड’ या विषाणूजन्य रोगाने केरळ, तमिळनाडू आणि कर्नाटकातील सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या, त्यानंतर दक्षिणेतही मेलिफेराला चालना मिळाली. २००४ च्या सुमारास पंजाब आणि आसपासच्या राज्यांत व्हरोआचा तीव्र प्रादुर्भाव झाला आणि मेलिफेरा पाळणाऱ्यांना मोठा फटका बसला.

महाराष्ट्राचे चित्र थोडे वेगळे आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात, विशेषतः महाबळेश्वर परिसरात, सातेरीवर आधारित मधपालनाची जुनी परंपरा आहे. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे आणि तेथून जवळचे मांघर हे २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी यांच्या फुलोऱ्यावर येथील मध अवलंबून असतो. या भागातील सातेरीला व्हरोआचा मोठा धोका नाही. मात्र मैदानी भागात परागीभवनासाठी मेलिफेराच्या पेट्यांना मागणी वाढते आहे. कांद्याचे बीजोत्पादन, डाळिंब आणि सूर्यफूल या पिकांत मधमाश्यांचे महत्त्व शेतकऱ्यांना पटू लागले आहे. राष्ट्रीय मधमाशीपालन व मध अभियानासारख्या योजनांतून पेट्यांची संख्या वाढवण्यावर भर दिला जात आहे.

पेट्या वाढणे स्वागतार्हच. पण राजस्थानातील मोहरी, बिहारमधील लिची अशा फुलोऱ्यांमागे ट्रकभर पेट्या राज्याराज्यांतून फिरतात, तेव्हा त्यांच्यासोबत कोळी आणि विषाणूही फिरतात. कोलमडणाऱ्या पेटीतला मध लुटायला शेजारच्या पेट्यांतील माश्या येतात आणि परतताना कोळी अंगावर घेऊन जातात. त्यामुळे एका मधपाळाने दुर्लक्षित केलेली पेटी आसपासच्या सगळ्यांच्या मुळावर येते.

दुसरा कोळी कोणता?

भारतीय मेलिफेरापुढे व्हरोआच्या जोडीला आणखी एक संकट आहे. ते म्हणजे ‘ट्रॉपिलेलॅप्स’. हा कोळी एक मिलिमीटरहून लहान, लांबट आणि पोळ्यावर भराभर पळणारा असतो. त्याचे मूळ यजमान म्हणजे उंच झाडांवर, कड्यांवर एकच मोठे पोळे बांधणारी आग्या माशी आणि हिमालयातील तिची नातेवाईक.

आग्याचा बचाव तिच्या स्थलांतरात आहे. फुलोरा संपला, की ती पोळे सोडून दूरवर निघून जाते. ट्रॉपिलेलॅप्सला प्रौढ माशीच्या अंगावर नीट पोट भरता येत नाही. पिल्ले नसतील तर तो काही दिवसांतच मरतो. त्यामुळे आग्याचा प्रवास म्हणजे तिच्यासाठी जणू औषधाविना झालेला उपचार. मेलिफेरा मात्र पेटीत राहते आणि मधपाळ तिची पैदास वर्षभर सुरू ठेवण्याचा प्रयत्न करतो. परिणामी ट्रॉपिलेलॅप्सला कधीच उपासमार घडत नाही. तो व्हरोआपेक्षाही वेगाने वाढतो. २०२४ मध्ये तो रशियाच्या दक्षिण भागात आणि जॉर्जियात आढळल्याने युरोपातील मधपाळही धास्तावले आहेत.

मधपाळाच्या हाती काय आहे?

पहिली गोष्ट मोजणीची. कोळी दिसत नाहीत म्हणजे नाहीत, असे मानणे सर्वांत महागात पडते. पिठीसाखरेची चाचणी सोपी आहे. पिल्लांच्या चौकटीवरील सुमारे ३०० माश्या, म्हणजे साधारण अर्धा कप, जाळीचे झाकण असलेल्या बरणीत घ्यायच्या. त्याआधी राणी त्या चौकटीवर नाही याची खात्री करायची. दोन चमचे पिठीसाखर टाकून बरणी हलकेच फिरवायची, एक-दोन मिनिटे थांबायचे आणि पांढऱ्या ताटात साखर झटकायची. साखरेमुळे कोळ्यांची पकड सुटते. ताटात थोडे पाणी टाकले, की साखर विरघळते आणि तांबूस कोळी मोजता येतात. माश्या पुन्हा पेटीत सोडता येतात. शंभर माश्यांमागे तीन, म्हणजे या नमुन्यात नऊच्या आसपास कोळी आढळले, तर तातडीने उपाय करण्याची वेळ आली असे मानले जाते.

दुसरी गोष्ट पैदासीत खंड पाडण्याची. राणीला काही आठवडे जाळीच्या पिंजऱ्यात ठेवले, की नवी पिल्ले थांबतात, बंद घरे रिकामी होतात आणि सगळे कोळी उघड्यावर येतात. ऑक्झॅलिक आम्ल मेणाच्या झाकणाआड पोहोचत नाही; म्हणून अशा वेळी त्याचा परिणाम सर्वाधिक होतो. फॉर्मिक आम्लाची वाफ झाकणाआडही पोहोचते, पण उष्ण हवेत ती राणीला आणि पिल्लांना घातक ठरू शकते. ट्रॉपिलेलॅप्सविरुद्ध भारतात चौकटींवर गंधकाची भुकटी वापरण्याची पद्धत आहे. ही आम्ले डोळ्यांना आणि श्वासाला इजा करणारी असल्याने मात्रा आणि पद्धत तज्ज्ञांकडून समजून घेऊन, हातमोजे आणि मुखपट्टी लावूनच ती वापरणे गरजेचे असते.

तिसरी गोष्ट सापळ्याची. कोळ्याला नराचे घर आवडते, याच सवयीचा फायदा घेऊन पेटीत नरांसाठी एक चौकट दिली जाते. ती भरून झाकणे लागली, की माश्या बाहेर पडण्याआधीच ती काढून नष्ट करतात. याला रसायन लागत नाही, मात्र चौकट वेळेत काढली नाही तर सापळ्याचेच पैदास केंद्र होते.

चौथी गोष्ट औषधांच्या फेरपालटाची. एकच औषध वर्षानुवर्षे वापरणे, शेतातील फवारणीचे द्रव अंदाजाने पेटीत वापरणे आणि मध भरत असताना उपचार करणे हे तिन्ही टाळायला हवे. व्हरोआ माणसाला चावत नाही आणि बाधित पेटीतील मध खाल्ल्याने रोग होत नाही. परंतु चुकीच्या वेळी वापरलेल्या औषधाचे अंश मेणात आणि मधात उतरतात. त्याचा फटका निर्यातीला बसतो आणि ग्राहकाच्या विश्वासालाही.

यापुढे काय?

प्रतिकारक्षम माश्या तयार करणे, हा दीर्घकालीन मार्ग मानला जातो. स्वीडनच्या गॉटलँड बेटावर १९९९ मध्ये संशोधकांनी १५० वसाहती कोणत्याही उपचाराविना सोडल्या. काही वर्षांत बहुतेक मेल्या, पण उरलेल्या मोजक्या वसाहती पुढे तग धरून राहिल्या. ब्राझीलमधील आफ्रिकी वंशाच्या माश्याही औषधाविना व्हरोआसोबत जगतात. अमेरिकेत कोळी असलेले घर ओळखून ते साफ करणाऱ्या माश्यांची निवड करून पैदास केली जात आहे. म्हणजे सातेरीला जे उपजत जमते, ते युरोपीय माशीही शिकू शकते. पण त्यासाठी अनेक पिढ्या लागतात आणि वाटेत अनेक वसाहती गमवाव्या लागतात. प्रत्येक हंगामाच्या उत्पन्नावर घर चालवणाऱ्या मधपाळाला एवढी किंमत एकट्याने मोजणे परवडणारे नाही. हे काम सरकारी संस्था आणि विद्यापीठांनीच अंगावर घ्यावे लागते.

महाराष्ट्रापुरता विचार केला, तर निवड आजच करता येण्यासारखी आहे. सह्याद्रीत सातेरी टिकवणे, मेलिफेराच्या पेट्या सातेरीच्या पट्ट्यात नेण्यावर बंधने ठेवणे, फिरत्या पेट्यांची नोंद आणि तपासणी करणे, तसेच पेटी अनुदानात देताना तिच्यासोबत कोळी मोजण्याचे प्रशिक्षणही देणे, ही कामे फार खर्चाची नाहीत. एखाद्या योजनेचे यश वाटलेल्या पेट्यांच्या संख्येवर मोजले जाते. त्यातील किती पेट्या दोन वर्षांनी जिवंत आहेत, हेही मोजले गेले, तर व्हरोआविरुद्धची अर्धी लढाई तेथेच सुरू होईल. व्हरोआचे उच्चाटन करणे ऑस्ट्रेलियासारख्या साधनसंपन्न देशालाही जमले नाही. त्याच्यासोबत जगण्याची रीत मात्र सातेरीला ठाऊक आहे आणि ती जपण्याची संधी महाराष्ट्राकडे अजून आहे.